बोर्ड वडोदऱ्यात, विद्यार्थी डभोईत: डिजिटल लॉजिकचे प्रॅक्टिकल दूरस्थ हार्डवेअरवर कसे उभारावे

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, माडीवरच्या कोनाड्यात, बुटांच्या एका रिकाम्या खोक्यात एक एफपीजीए बोर्ड, म्हणजे आतले सर्किट आपण हवे तसे बदलू शकतो अशी चिप असलेला बोर्ड, ठेवलेला आहे. त्याच्यावर कॅमेरा रोखलेला आहे, शेजारी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’) आहे, आणि डभोई, पादरा, करजण अशा ठिकाणी आपापल्या घरी बसलेली मुले ब्राउझरमधून या बोर्डाचे स्विच हलवत असतात. असे एखादे खोके आपल्या महाविद्यालयात किंवा घरी उभे करू इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी हा लेख आहे. सर्किटचे वर्णन लिहिण्याची भाषा असलेल्या व्हेरिलॉगची तोंडओळख आणि तारा जोडण्याची थोडी सवय वाचकाला आहे, असे मी गृहीत धरले आहे.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली तंत्रशिक्षणासाठी कलाभवन काढले त्या गावात प्रॅक्टिकल ऑनलाइन घेतो असे म्हटले, की जुनी मंडळी भुवया उंचावतात, आणि त्यांचा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. सिम्युलेशनमधले सर्किट फार शहाण्यासारखे वागते. तिथे बटण एकदा दाबले की एकदाच दाबले जाते, सिग्नल बरोबर घड्याळाच्या (क्लॉकच्या) ठोक्यावर बदलतो, आणि दिवा म्हणजे पडद्यावरचा रंगीत ठिपका असतो. खऱ्या बोर्डाचा खोडसाळपणा विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणार असेल, तरच दूरस्थ हार्डवेअरचा खटाटोप सार्थकी लागतो. सोयीसाठी तो खोडसाळपणा आपणच गाळून टाकला, तर आपण फक्त एक महागडे सिम्युलेशन उभारलेले असते. पुढच्या प्रत्येक पायरीवर मी याच कसोटीने निर्णय घेतले आहेत.

पहिली पायरी: कोणते प्रयोग दूरस्थ घ्यायचे ते ठरवणे

ट्रेनर किटवर ७४०८ किंवा ७४८६ या लॉजिक गेटांच्या आयसी बसवणे, सात आणि चौदा क्रमांकांच्या पिनांना ग्राउंड व पुरवठा देणे, तार सैल राहिल्यामुळे अर्धा तास हैराण होणे, हे सगळे दूरस्थ होत नाही आणि त्याचे नाटकही करू नये. त्यासाठी मुलांना सत्रातून एकदोनदा प्रत्यक्षच बोलवावे. दूरस्थ बोर्डावर मी चारच प्रयोग ठेवले आहेत: चार बिटांचा अॅडर, सेव्हन सेगमेंट डिकोडर, बटणाने चालणारा काउंटर आणि एक स्टेट मशीन (ठरलेल्या क्रमाने स्थिती बदलणारे सर्किट). यादी लांबवण्याचा मोह होतो, पण एका प्रयोगावर विद्यार्थी तीनचार वेळा बोर्डाकडे परतला तर जे कळते, ते दहा प्रयोग एकेकदा उरकून कळत नाही.

दुसरी पायरी: सामान

मी टेरासिकचा डीई१०-लाइट हा बोर्ड वापरतो. त्यावर मॅक्स १० जातीची एफपीजीए आहे, दहा स्लाइड स्विच, दोन बटणे, दहा एलईडी, सहा सेव्हन सेगमेंट अंक आणि ५० मेगाहर्ट्झचे घड्याळ आहे. क्वार्टस प्राइम या डिझाइन कंपाइल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मोफत लाइट आवृत्तीत तो चालतो. तुमच्याकडे बेसिस ३ हा दुसरा एफपीजीए बोर्ड असेल तर तोही उत्तम आहे, फक्त कॅमेऱ्याच्या बाबतीत थोडी जास्त काळजी घ्यावी लागते. त्याविषयी पुढे लिहितो. याशिवाय एक रास्पबेरी पाय, एक यूएसबी वेबकॅम, १ किलोओहमचे वीसेक रेझिस्टर, जंपर तारा, लहान यूपीएस आणि एक जुना पीसी लागतो. पीसी यासाठी, की क्वार्टस रास्पबेरी पायच्या प्रोसेसरवर चालत नाही; कंपाइल करणे आणि बोर्डात डिझाइन भरणे ही कामे पीसी करतो, तर स्विच हलवणे आणि दिवे वाचणे ही कामे पाय करतो. यूपीएस चैनीची वस्तू समजू नये. मागे गौरी-गणपतीच्या आवराआवरीत घरच्याच कोणीतरी माडीवरचा प्लग काढला होता, आणि तेरा मुलांची रांग अर्ध्यावर तुटली होती.

तिसरी पायरी: तारांची जोडणी

बोर्डावरचे खरे स्लाइड स्विच दुरून हलवता येत नाहीत. यंत्राचे बोट लावून ते हलवणाऱ्या करामती मी पाहिल्या आहेत. दिसायला गंमत वाटते, पण टिकत नाहीत. त्याऐवजी बोर्डाच्या विस्तार कनेक्टरवरील पिनांना पायच्या पिना जोडाव्यात आणि पायने दिलेला शून्य किंवा एक हाच स्विच मानावा. दोन्हीकडे पातळी ३.३ व्होल्ट असल्यामुळे मध्ये पातळी बदलणारी चिप लागत नाही.

इथे एक सापळा आहे. डीई१०-लाइटचा कनेक्टर ४० पिनांचा आहे आणि पायचाही ४० पिनांचाच आहे, त्यामुळे दोन्हीकडे सरळ पट्टी-केबल खोचावी असे कोणालाही वाटेल. तसे अजिबात करू नये. दोन्ही कनेक्टरांवर पुरवठ्याच्या आणि ग्राउंडच्या पिना वेगवेगळ्या जागी आहेत, आणि सरळ केबलने पुरवठा भलत्याच पिनेवर जाऊन दोन्ही उपकरणे एकाच वेळी जातील. एकेक जंपर तार कागदावरच्या तक्त्याशी ताडून जोडावी. पुरवठ्याच्या पिना दोन्हीकडे मोकळ्या सोडाव्यात, ग्राउंड मात्र किमान दोन तारांनी एकत्र करावे.

प्रत्येक सिग्नल तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घालावा. विद्यार्थी कधीतरी इनपुटची पिन चुकून आउटपुट करणारच. तेव्हा एफपीजीए त्या पिनेवर शून्य लावील आणि पाय एक लावील. रेझिस्टर नसेल तर दोघांची थेट झुंज होईल. १ किलोओहम असल्यास ३.३ व्होल्टला प्रवाह जास्तीत जास्त ३.३ मिलिअँपिअर होतो, आणि पायच्या एका पिनेची मर्यादा १६ मिलिअँपिअर असल्यामुळे काही बिघडत नाही. ३३० ओहम घातले तरी १० मिलिअँपिअरवर भागते, पण मला मधली फट मोठी असलेली बरी वाटते.

पायच्या कनेक्टरवर वापरण्याजोग्या २८ पिना असतात. मी आठ पिना स्विचसाठी, दोन बटणांसाठी आणि आठ एलईडींची स्थिती परत वाचण्यासाठी, अशा अठरा वापरल्या. सेव्हन सेगमेंटचे दोन अंकही वाचायचे म्हटले तर आणखी चौदा लागतात आणि हिशेब अठ्ठावीसच्या बाहेर जातो, म्हणून अंक फक्त कॅमेऱ्यातून दिसतात. ही अडचण नंतर फायद्याची ठरली, कारण अंक पाहण्यासाठी तरी मुले कॅमेरा उघडतात.

चौथी पायरी: बाहेरचे आवरण

विद्यार्थ्याला पिनांचे क्रमांक लिहायला लावू नयेत. सर्वांत वरचे मॉड्यूल, म्हणजे हे आवरण, आपण लिहावे, त्यात पिनांची नेमणूक पक्की करावी, आणि विद्यार्थ्याने आतले एकच मॉड्यूल भरावे, ज्याला आठ स्विच, दोन बटणे, घड्याळ, आठ एलईडी आणि चार अंक एवढेच दिसते. आवरणात आणखी दोन गोष्टी ठेवाव्यात. पहिली म्हणजे, विद्यार्थ्याचे एलईडी सिग्नल खऱ्या दिव्यांनाही जावेत आणि पायकडेही. दुसरी म्हणजे, दहावा एलईडी विद्यार्थ्याच्या हाती न देता सेकंदाला एकदा लुकलुकत ठेवावा. त्यावरून बोर्ड जिवंत आहे आणि बाकीचे दिवे विझलेले दिसतात ते डिझाइनमुळे, एवढे पाहणाऱ्याला कळते. न वापरलेल्या पिना इनपुट म्हणूनच राहतील अशी सेटिंग प्रकल्पाच्या फाइलमध्ये कायमची करून टाकावी.

आवरण लिहिताना एक चूक मी जाणूनबुजून दुरुस्त केलेली नाही. डीई१०-लाइटच्या सेव्हन सेगमेंटमध्ये शून्य दिल्यावर पट्टी पेटते आणि एक दिल्यावर विझते. आवरणात सिग्नल उलटवून मुलांचे काम सोपे करता आले असते. पण प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी शून्य दाखवायला जाते आणि बोर्डावर फक्त मधली आडवी पट्टी पेटते, कारण शून्यात विझलेली असायला हवी ती एकच पट्टी असते. ते चित्र पाहिल्यावर दिवा पेटवणारा सिग्नल शून्य असू शकतो, ही गोष्ट मला पुन्हा सांगावी लागत नाही.

पाचवी पायरी: कॅमेरा

बहुतेकांचा वेळ इथेच वाया जातो. कॅमेरा स्वयंचलित ठेवला तर एलईडी पेटल्याबरोबर तो एक्सपोजर, म्हणजे प्रकाश घेण्याचा वेळ, कमी करतो, विझल्याबरोबर वाढवतो आणि चित्र सारखे धडधडत राहते. एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस हे तीनही हाताने पक्के करावेत. खोलीत जुनी ट्यूबलाइट असेल तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा मिणमिणते. एक्सपोजर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवले तर चित्रातले सरकते पट्टे जातात. त्याहून चांगला उपाय खोक्याचाच आहे: आतून काळा कागद चिकटवावा, झाकणाला कॅमेऱ्यापुरते भोक पाडावे आणि एका कोपऱ्यात ट्रेसिंग पेपर लावलेला मंद दिवा ठेवावा. एलईडी फार झगझगत असतील तर त्यांच्यावर पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवावी. ठिपका पसरतो आणि शेजारचा दिवा पेटला की विझला हे स्पष्ट दिसते.

बेसिस ३ वर चारही अंक एकाच वेळी पेटत नाहीत. ते आळीपाळीने, पण इतक्या वेगाने पेटतात की डोळ्याला चारही दिसतात. कॅमेऱ्याचे एक्सपोजर त्या फेरीपेक्षा छोटे असेल तर एका चौकटीत (फ्रेममध्ये) दोनच अंक येतात, आणि विद्यार्थी बिचारा आपल्या कोडात चूक शोधत बसतो. तिथे एक्सपोजर १/२५ सेकंदापर्यंत वाढवावे आणि दिव्यांवर कागद अवश्य लावावा. डीई१०-लाइटमध्ये प्रत्येक पट्टीला स्वतंत्र पिन असल्यामुळे हा त्रास होत नाही.

खोक्यात एक स्वस्तातले, सेकंदकाटा असलेले टेबल-घड्याळ ठेवावे. नेटवर्क अडकले आणि चित्र गोठले तर काटा थांबलेला दिसतो, आणि बोर्ड बंद पडला अशा अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

चित्राचा भारही मोजावा. ६४० बाय ४८० ची एक चौकट जेपेगमध्ये साधारण २५ किलोबाइट धरली आणि सेकंदाला दहा चौकटी पाठवल्या, तर सेकंदाला २५० किलोबाइट, म्हणजे २ मेगाबिट होतात. गावाकडच्या मोबाइल डेटावर हे जड जाते. म्हणून एलईडींची स्थिती मी पायकडून वाचून आकड्यांच्या रूपानेही पाठवतो, ब्राउझर तिचे दिवे काढतो, आणि कमकुवत नेटवर्क असलेला विद्यार्थी कॅमेरा सेकंदाला एका चौकटीवर आणू शकतो. कॅमेरा पूर्ण बंद करण्याची सोय मात्र ठेवलेली नाही, कारण काढलेले दिवे आणि सिम्युलेशनमधले दिवे यांत फरक कळत नाही.

सहावी पायरी: सर्व्हर आणि रांग

विद्यार्थ्याकडून तयार बिटस्ट्रीम (एफपीजीएत भरायची कंपाइल झालेली फाइल) स्वीकारू नये, फक्त व्हेरिलॉगची फाइल घ्यावी आणि कंपाइल आपल्या पीसीवर, आपल्या आवरणासह करावे. त्यामुळे पिनांशी खेळ होत नाही आणि मुलांना काही गिगाबाइटांचे सॉफ्टवेअर उतरवावेही लागत नाही. व्हेरिलॉगमध्ये बाहेरची फाइल वाचण्याच्या आज्ञा असतात हे लक्षात ठेवून कंपाइलर वेगळ्या, बंदिस्त खात्यात आणि वेळेची मर्यादा घालून चालवावा. डिझाइन दर वेळी एफपीजीएच्या तात्पुरत्या स्मृतीतच भरावे. कायम स्मृतीत लिहिण्याचा मार्ग बंदच ठेवावा. तसे केले की बोर्डाची वीज घालवून आणली तरी आपले मूळ डिझाइन जागेवर असते.

घरगुती ब्रॉडबँडला बहुधा स्वतःचा कायम पत्ता नसतो. त्यामुळे बाहेरून आत येणारे दार उघडण्याऐवजी पीसीनेच बाहेरच्या एखाद्या छोट्या भाड्याच्या सर्व्हरशी सुरक्षित बोगदा (टनेल) जोडावा आणि मुलांनी त्या सर्व्हरवर लॉगिन करावे.

रांगेचा हिशेब वर्ग सुरू होण्यापूर्वीच करावा. एका पाळीला चार मिनिटे दिली तर एक बोर्ड तासाला १५ पाळ्या देतो. साठ मुलांच्या वर्गाला एका बोर्डावर एक फेरी पूर्ण करायला चार तास लागतात. म्हणजे वर्गाच्या दोन तासांत सर्वांनी प्रयोग करावा ही कल्पना सोडून द्यावी लागते. कंपाइल होण्यात जाणारी एकदोन मिनिटे पाळीत धरू नयेत. फाइल तयार झाल्यावरच नाव रांगेत लागावे. आठवडाभर रांग खुली ठेवावी. रात्री जेवणे उरकल्यावर तिच्यात सर्वाधिक गर्दी असते, हा अनुभव वसतिगृह पाहिलेल्या कोणालाही नवा वाटणार नाही.

सातवी पायरी: पाठ कसा घ्यावा

पाळी सुरू होण्याआधी विद्यार्थ्याने अंदाज लिहिलाच पाहिजे, एवढी एक सक्ती मी ठेवली आहे. अमुक स्विच चालू केले तर कोणते दिवे पेटतील, याच्या चार ओळी भरल्याशिवाय नाव रांगेत लागत नाही. सिम्युलेशनमध्ये डिझाइन बरोबर ठरलेच पाहिजे, अशी अट मात्र मी घालत नाही. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. चुकीच्या डिझाइनने बोर्डाची चार मिनिटे का खावीत, असे ते विचारतात. माझे म्हणणे असे, की अंदाज कागदावर असताना बोर्डाने तो खोटा ठरवला, तर ती चार मिनिटे त्या आठवड्यातली सर्वांत उपयोगी असतात.

ओळख सिम्युलेशननेच करावी. सिम्युलेशन करणारे आयकॅरस व्हेरिलॉग आणि सिग्नलांचे आलेख दाखवणारे जीटीकेवेव्ह ही मोफत साधने साध्या लॅपटॉपवर चालतात. पहिला प्रयोग अॅडरचा, त्यात फारसे सांगण्यासारखे नाही. डिकोडरविषयी वर लिहिलेच आहे. खरी मजा तिसऱ्या प्रयोगात आहे.

बटण दाबले की अंक एकाने वाढावा, एवढेच काउंटरचे काम. प्रत्यक्षातल्या बटणात धातूच्या पट्ट्या टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि ५० मेगाहर्ट्झच्या घड्याळाला ती थरथर म्हणजे अनेक वेळा दाबलेले बटण वाटते. पण आमच्या रचनेत बटण पाय दाबतो, आणि पायचा सिग्नल एका झटक्यात, स्वच्छ बदलतो. पहिल्या वर्षी मला याचा पत्ताच लागला नाही. सगळ्यांचे काउंटर अचूक चालले, मी खूश झालो, आणि पुढे प्रत्यक्ष साध्या बटणावर बोट ठेवल्यावर त्याच मुलांचे काउंटर दोनवरून सातवर उड्या मारू लागले.

तेव्हापासून पायच्या प्रोग्रामात मी थरथर मुद्दाम घातली आहे. ब्राउझरमध्ये बटण दाबले की पाय पाच ते आठ मिलिसेकंदांच्या आत त्या पिनेवर चारसहा वेळा शून्य-एक करून मग स्थिरावतो. वेळा दर खेपेला निराळ्या असतात. आता त्या आठवड्यात निरोप ठरलेला असतो: “सर, बोर्ड बिघडलाय, एकदा दाबलं तरी चार मोजतो.” मी फक्त पायने नोंदवलेल्या त्या एका दाबण्याचा आलेख परत पाठवतो. मुले बदल मोजतात, आकडा जुळतो, आणि बोर्डावरचा आळ जातो.

उपाय त्यांनीच शोधावा, पण हिशेबाची दिशा द्यावी. बटण १० मिलिसेकंद स्थिर राहिले तरच खरे मानायचे, तर ५० मेगाहर्ट्झला ते ५ लाख ठोके होतात, आणि २ चा १९ वा घात ५,२४,२८८ असल्यामुळे १९ बिटांचा काउंटर पुरतो. याच ठिकाणी सिंक्रोनायझरही शिकवून टाकावा. पायच्या सिग्नलचा बोर्डाच्या घड्याळाशी काही संबंध नसल्यामुळे तो नेमका ठोक्याच्या क्षणी बदलू शकतो, आणि तसा सिग्नल थेट अनेक फ्लिप-फ्लॉपना (एकेक बिट साठवणाऱ्या घटकांना) दिला तर काहींना शून्य दिसते, काहींना एक. म्हणून बाहेरचा प्रत्येक सिग्नल आधी एकापाठोपाठ एक अशा दोन फ्लिप-फ्लॉपमधून आणावा. आवरणात हे दोन फ्लिप-फ्लॉप मी घातलेले नाहीत, आणि वाचकांनीही घालू नयेत.

चौथा प्रयोग सिग्नलच्या दिव्यांचा आहे. काळाघोडा सर्कलजवळचे दोन रस्ते कल्पावेत, प्रत्येकाला तीन दिवे, म्हणजे आठांपैकी सहा एलईडी. हिरवा सहा सेकंद, पिवळा दोन सेकंद. व्हिडिओ अर्धा-एक सेकंद मागे असतो, त्यामुळे दुरून पाहायचे सर्किट सेकंदाच्या चालीनेच चालवावे लागते. ५० मेगाहर्ट्झवरून एक सेकंद मोजायला २५ बिट पुरत नाहीत, २६ लागतात, हे मुलांनी स्वतः काढावे. बरेच जण भागलेले घड्याळच पुढच्या फ्लिप-फ्लॉपना जोडतात. त्याऐवजी सगळीकडे एकच घड्याळ ठेवून सेकंदाला एकदा उठणारा परवानगीचा सिग्नल वापरण्याची सवय इथेच लावावी.

आठवी पायरी: गुण आणि देखभाल

नक्कल रोखण्यासाठी प्रत्येकाला वेगळा आकडा द्यावा. हजेरी क्रमांक ३७ असेल तर त्याचा काउंटर ३७ पर्यंत जाऊन शून्यावर यावा. जर्नलमध्ये पडद्याची चित्रे मागू नयेत. सर्व्हरवर स्विचच्या हालचालींची नोंद असते, ती अंदाजाशेजारी ठेवून वाचावी. व्हायव्हा व्हिडिओ कॉलवर, बोर्ड समोर ठेवून घ्यावी आणि एकच बदल सांगावा: आता हा काउंटर उलटा मोजू दे. ज्याने स्वतः लिहिले आहे त्याला ओळ सापडायला वेळ लागत नाही.

देखभालीत सर्वांत जास्त सतावतात त्या जंपर तारा. उन्हाळ्यात खोके तापते, कोणी कोनाडा झाडते, आणि पाचव्या स्विचची तार किंचित सरकते. विद्यार्थ्याला ही चूक स्वतःची वाटते, हे त्यातले सर्वांत वाईट. त्यामुळे रोज पहाटे पीसी बोर्डात स्विच जसेच्या तसे एलईडीला जोडणारे एक चाचणी-डिझाइन भरतो, पाय एकेक स्विच हलवून परत आलेली स्थिती वाचतो, आणि एकही तार जुळली नाही तर रांग आपोआप बंद होऊन माझ्या फोनवर तिचा क्रमांक येतो. दोन बटणांना स्वतःचा परतीचा एलईडी नाही, म्हणून त्यांच्यासाठी त्याच डिझाइनची दुसरी फेरी होते, ज्यात पहिले दोन एलईडी बटणांना जोडलेले असतात. चहा होईपर्यंत माडीवर जाऊन ती तार दाबून येता येते.